हेडक्लार्कांचा ट्यूबा आणि चार नावांचा बँड

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मध्येच कोणी भुवया वर करायच्या नाहीत. आजवर मी तुम्हाला जे जे सांगितलं त्यात थोडा मीठमसाला असेल, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट कोरडी आहे. सरकारी कागदासारखी कोरडी. एका नाताळात, एका स्पर्धेत, एका बँडने पहिला नंबर मिळवला, दुसरा मिळवला, तिसरा मिळवला आणि शेवटचाही त्यानेच मिळवला. माणसं चार. धून एक. आता सरसावून बसा, आणि चहा गार होऊ देऊ नका. परत गरम करून मिळेल अशी या घरात पद्धत नाही.

हे ज्यांच्यामुळे झालं ते हेडक्लार्क माझ्या फार जवळचे. त्यांच्या मनातलं मला कळतं, इतके जवळचे. अभिलेख कार्यालयात बत्तीस वर्षं जुने कागद सांभाळून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर एखादा छंद धरावा असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांच्या डोक्यात कुंडीतली रोपं वगैरे असतात. हेडक्लार्कांनी ट्यूबा धरला.

ट्यूबा म्हणजे पितळेचं वाद्य. वाद्य कसलं, पितळेचं बिऱ्हाडच ते. वरच्या बाजूला परातीएवढं तोंड, खाली आतड्यांसारख्या नळ्या, आणि या सगळ्याला मिठी मारून एका टोकाकडून माणसाने फुंकायचं. घर दोन खोल्यांचं. ट्यूबा कपाटात ठेवला की कपडे बाहेर. पलंगाखाली सरकवला की पलंगाचे दोन पाय हवेत. शेवटी तो जेवणाच्या टेबलाशी चौथ्या खुर्चीवर बसायला लागला. एकदा लेक आणि जावई आले, तर जावयांना स्टुलावर बसावं लागलं आणि ट्यूबा खुर्चीवर. त्या दिवशी हेडक्लार्कांची बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बोलली.

"अहो, मी लग्न एकाशी केलं होतं. आता या घरात आपण तिघं राहतोय, आणि तिसऱ्याला रोज पॉलिश लागतं. नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला एक तर हे धूड तरी बाहेर असेल, नाहीतर मी तरी माझ्या बहिणीकडे असेन. बहिणीचं घर मोठं आहे, हे लक्षात ठेवा."

हेडक्लार्कांना दोघंही हवे होते. त्यातलं जास्त कोण हवं, हे त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आणि बायकोने नेमकं तेच बघितलं.

वरच्या मजल्यावर एक घड्याळवाले राहत. तेही त्याच संध्याकाळी तक्रार घेऊन खाली आले. "तुम्ही वाजवायला लागलात की माझ्याकडची बिघडलेली घड्याळं आपोआप चालायला लागतात," ते म्हणाले.

"मग चांगलंच आहे की!"

"आणि दुरुस्त केलेली बंद पडतात."

अशा सगळ्या बाजूंनी कोंडी झालेली असताना वाचनालयाच्या दारावर सूचना लागली. नगरभवनात नाताळ संगीत स्पर्धा. पहिल्या नंबरच्या बँडला वाचनालयाच्या तळघरातली खोली, सरावासाठी, वर्षभर, किल्लीसकट. कोरडी खोली, जाड भिंती, वर राहतात ती फक्त पुस्तकं. ती तक्रार करत नाहीत. हेडक्लार्कांनी सूचना तीनदा वाचली. सवयीप्रमाणे खालची बारीक अक्षरंही वाचली. गेली सात वर्षं ही खोली अग्निशामक दलाचा बँड जिंकत होता आणि तिथे ओले पाईप वाळत घालत होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण बुडत्या माणसाला काय, पाईपही चालतो.

बँड तसा तयारच होता. कार्यालयातले चौघं आठवड्यातून दोनदा जमून वाजवत. आवक-बारनिशीत, म्हणजे येणाऱ्या कागदांच्या नोंदवहीवर, तीस वर्षं बसलेले गृहस्थ क्लॅरोनेट वाजवत. त्यांना सगळे 'आवक' म्हणत, आणि ते श्वास जितका आत घेत तितका बाहेर सोडत नसत. जावक-बारनिशीतले 'जावक' ट्रम्पेट वाजवत. त्यांचं सगळं बाहेरच. आणि टायपिस्टबाई अकॉर्डियन वाजवत. त्यांची बोटं अशी चालत की बघत राहावं, फक्त ओळ संपली की डावा हात जुन्या सवयीने झटका देऊन नवीन ओळीवर यायचा आणि अकॉर्डियन शिंकल्यासारखं करायचं. चौघांना मिळून एकच धून येत होती. नाताळातल्या घंटांची. कारण टायपिस्टबाईंनी तेवढीच टाईप केली होती, चार प्रतींत, खाली कार्बन घालून.

अडलं होतं ते नावावर. बँडला नाव नव्हतं.

नावासाठी हेडक्लार्कांच्या टेबलाशी रीतसर सभा भरली. इतिवृत्त लिहायला टायपिस्टबाई. ट्यूबा चौथ्या खुर्चीवर असल्यामुळे आवक स्टुलावर.

"हिमकण," आवक म्हणाले. "नाजूक आहे."

"नाजूक कशाला? आपण काय बर्फाचे गोळे विकतोय?" जावक उसळले. "गर्जना! नाव घेतलं की पहिल्या रांगेने मान मागे घेतली पाहिजे."

"तुमच्या ट्रम्पेटने ती तशीही मागेच जाते," टायपिस्टबाई म्हणाल्या. "माझं साधं आहे. 'तिसरा मजला'. आपलं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं."

"म्हणजे काय अर्थ झाला त्याचा?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"अर्थ कशाला हवा? तुमच्या जावयांनाच विचारा."

जावयांना या विषयातलं कळत होतं असं म्हणतात. ते स्टुलावरच्या प्रसंगानंतरही घरी येत होते, यावरून त्यांचा स्वभाव कळेल. ते म्हणाले, "सासरेबुवा, आजकाल बँडच्या नावाचा अर्थ लागला की लोक ऐकत नाहीत. 'निळी बादली', 'गुरुवारची छत्री', असं काहीतरी हवं." घड्याळवाल्यांनी जिन्यातूनच 'भूकंप' सुचवलं आणि ते मनापासून सुचवलं. बायकोने आतून विचारलं, "'आता पुरे' घेतलंय का कोणी?"

मग हेडक्लार्क उठले, घसा खाकरला आणि त्यांनी आपलं नाव वाचून दाखवलं. नाव असं होतं: 'सेवानिवृत्त अभिलेख कर्मचारी सुस्वर वाद्यवृंद (नाताळ विभाग)'.

इतिवृत्तात ते लिहायला टायपिस्टबाईंना दोन ओळी लागल्या.

"कंसासकट?" आवकांनी विचारलं.

"कंसासकट. पुढे इतर विभाग काढावे लागले तर?"

गुप्त मतदान झालं. चार चिठ्ठ्या, चार नावं, प्रत्येकाला एक मत. पुन्हा मतदान. पुन्हा तेच. अकराव्या फेरीला बिस्किटं संपली आणि सभा तहकूब झाली. अर्जाची मुदत होती दोन दिवसांची.

आता इथे तुम्हाला त्या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अभिलेख कार्यालयात कोणताही कागद चौघांच्या जबाबदारीवर सोडला की तो चौघांपैकी कोणीच पाठवत नसे. इतक्या वर्षांच्या अनुभवाने चौघंही शहाणे झाले होते. कागद जायला हवा असेल तर गुपचूप आपणच न्यावा, आणि कोणाला सांगू नये. सांगितलं की दुसरा सुधारणा सुचवतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आवकांनी मनाशी म्हटलं, हे तिघं काही अर्ज भरायचे नाहीत. आणि भरला. दुपारी जावकांनी तेच म्हटलं आणि भरला. टायपिस्टबाईंनी तर तीन प्रतींत भरला. आणि शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या बेतात, हेडक्लार्क बँडची लाज राखायला धावत गेले. नावासाठी अर्जात दहा चौकोन होते. त्यांचं नाव तिथे 'अभिलेख'च्या पुढे जाईना. उरलेलं त्यांनी पुरवणीत जोडलं.

आठवड्याने नगरभवनाच्या फलकावर यादी लागली. भाग घेणारे बँड पाच: हिमकण, अग्निशामक दल, गर्जना, तिसरा मजला, आणि 'सेवानिवृत्त अभिलेख (पुढील नाव पुरवणीत)'.

चौघंही फलकासमोर उभे राहून एकमेकांकडे न बघता यादी बघत होते.

"तुम्ही पण?" जावकांनी विचारलं.

"तुमच्यावर सोडलं असतं तर भरला असतात का?" बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क तडक खिडकीवर गेले. खिडकीत एक तरुण कारकून चष्मा पुसत बसला होता.

"तीन नावं मागे घ्यायची आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

"येत नाहीत मागे घेता. नियम सात."

"बरं, तीन बँड आलेच नाहीत तर?"

"नियम आठ. दाखल झालेला बँड हजर राहिला नाही, तर त्याचे सगळे वादक पाच वर्षं अपात्र. मग ते दुसऱ्या बँडात असले तरी."

"काय अडाणीपणा आहे! हे नियम केले कोणी?"

कारकुनाने कागद उलटून मागची सही वाचली, मग वर बघितलं, मग परत सही बघितली. "आपलंच नाव दिसतंय, साहेब. बावीस वर्षांपूर्वीचा नमुना आहे. फार पक्का आहे. आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात."

त्या क्षणी हेडक्लार्कांच्या छातीत अभिमान आणि संताप एकदमच दाटून आले. दोन्ही एकाच दाराने बाहेर पडायला बघत होते आणि दोन्ही अडकले. शेवटी त्यांनी नुसतं विचारलं, "एका वादकाने किती बँडांत वाजवायचं याबद्दल काही आहे का?"

"नाही. ते आपण लिहायचं विसरलात."

"विसरलो नाही," हेडक्लार्क म्हणाले. "असं कोणी करेल हे सुचलं नव्हतं."

तेव्हा ठरलं की चारही नावांनी वाजवायचं. नियमात बसत होतं. अब्रूत बसत नव्हतं. म्हणून वेषांतर करायचं ठरलं. पहिल्या नावाला मफलर, दुसऱ्याला कोट उलटे, तिसऱ्याला लोकरी टोप्या, चौथ्याला कापसाच्या दाढ्या. टायपिस्टबाई म्हणाल्या, "मी दाढी लावणार नाही." पण ती वेळ आली तेव्हा सगळ्यांत शोभली ती त्यांनाच.

उरला नियम अकरा: एकच धून दोनदा वाजवता येणार नाही. आणि यांना तर एकच धून येत होती. त्यावर आवकांनी तोडगा काढला. पहिल्यांदा हळू वाजवायची. मग कवायतीच्या चालीवर भरभर. मग शेवटाकडून सुरुवातीकडे. आणि चौथ्यांदा सरळ, आहे तशी. तोपर्यंत कोणाच्या लक्षात राहतंय?

मला वाटतं, इथवर सगळं ठीक होतं. खोली कोणत्याही नावाने मिळाली तरी ट्यूबा एकच होता आणि तो तळघरात जाणार होता. पण यादी छापून आली आणि माणसं बदलली. आवक रोज संध्याकाळी फलकापाशी जाऊन 'हिमकण' वाचून येऊ लागले. जावकांनी आपल्या भाच्यांना 'गर्जना'साठी टाळ्या वाजवायला बोलावलं, आणि बाकीच्यांच्या वेळी खोकायला. हेडक्लार्कही आरशासमोर उभे राहून आपलं पूर्ण नाव एका दमात म्हणायचा सराव करायचे. बायको म्हणायची, "अहो, ते नाव राहू दे. एक तारीख जवळ आलीय. मी बॅग झटकून ठेवलीय."

आणि ती खरंच झटकून दारापाशी ठेवलेली होती.

स्पर्धेच्या दुपारी नगरभवन भरलेलं. परीक्षक एकच: ऑर्गन वाजवणाऱ्या एक वयस्कर बाई. त्या डोळे मिटून ऐकत. उघडले की समजायचं, काहीतरी चुकलं. वेषांतराचं सामान ठेवायला पिशवी आणायची राहिली होती, तेव्हा टोप्या, दाढ्या सगळं ट्यूबाच्या तोंडात कोंबलं, कार्यालयात कपाट भरायचे तसं, वरून दाबून.

पहिलं नाव पुकारलं. हिमकण. मफलर बांधून चौघं गेले, हळूहळू धून सुरू झाली. हेडक्लार्कांनी फुंकलं. आवाज नाही. आणखी जोरात फुंकलं. चेहरा लाल, मग जांभळा, ट्यूबा मात्र मुका. प्रेक्षकांना वाटलं, या गृहस्थांना काहीतरी झालं; एक डॉक्टर उठून उभे राहिले. त्यातून जावक 'हिमकण'साठी जीव ओतून वाजवतील कशाला? ते शेवटच्या चार ओळी मुद्दाम पुसट वाजवून मोकळे झाले. परीक्षकबाईंनी डोळे उघडले.

"ट्यूबा बंद ठेवलात तो माझं नाव होतं म्हणूनच ना?" आवक मागच्या बोळात मफलर सोडत म्हणाले.

"अहो, आत टोप्या आहेत!"

मंचावर अग्निशामक दलाचा बँड उभा राहिला. गणवेश, चकचकीत बटणं, सोळा माणसं. त्यांनी अशी काही सुरुवात केली की हेडक्लार्कांना दारापाशी ठेवलेली बॅग दिसायला लागली. त्यांनी घाईने ट्यूबातलं सामान उपसलं. टोप्या निघाल्या, तीन दाढ्या निघाल्या, चौथी आत खोल जाऊन बसलेली. ती निघावी म्हणून त्यांनी बोळात उभं राहून, बत्तीस वर्षांचा सगळा दम एकवटून, एक फुंकर मारली.

आत अडकलेल्या कापसातून जो आवाज निघाला तो हुबेहूब आगीच्या बंबाचा. वर चढणारा, खाली येणारा, परत वर चढणारा.

मंचावर सोळाच्या सोळा माणसं थांबली. एकानेही दुसऱ्याकडे बघितलं नाही; शिक्षणच तसं. वाद्यं खाली, माणसं खिडकीतून बाहेर. दार उघडं होतं, पण खिडकी जवळ होती. बंब निघाला आणि गेला. आग नाही सापडली म्हणून ते पुढच्या गावापर्यंत शोधत गेले म्हणतात.

मग 'गर्जना'. कोट उलटे. जावकांनी असा काही दम लावला की वरच्या दिव्यांवरची धूळ खाली आली. बाकी तिघांनी सूड म्हणून इतकं भरभर वाजवलं की ते धुनेच्या शेवटाला पोचले तेव्हा जावक अर्ध्यात होते. लोकांना वाटलं, शेवटी ट्रम्पेट एकट्याने वाजवायची ही नवीन पद्धत असेल. भाच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ही धून कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते," परीक्षकबाई म्हणाल्या.

"नाताळच्या धुना सगळ्या एकमेकींच्या बहिणी असतात, बाई," जावक हसून म्हणाले. "नाकडोळे सारखे."

'तिसरा मजला'च्या वेळी उलटी धून. आता टायपिस्टबाई वर मजकूर, खाली शीर्षक असा कागद उलटा लावून टाईप केल्यासारख्या वाजवत होत्या आणि एकही चूक नाही. डाव्या हाताचा झटका आता ओळीच्या सुरुवातीला येत होता, आणि तो इतका शोभत होता की मागच्या रांगेतली मंडळी त्याच्यावर पाय आपटायला लागली. जावयांनी उभं राहून ओरडून सांगितलं, "अर्थ लागत नाही! वा!"

आणि मग शेवटचं नाव. पुकारणाऱ्याने पुरवणी उघडली, 'सेवानिवृत्त'पासून सुरुवात केली, 'सुस्वर'पाशी श्वास घेतला, 'नाताळ विभाग'ला पाण्याचा घोट घेतला. दाढ्या तीनच उरल्या होत्या, म्हणून हेडक्लार्क मफलर नाकापर्यंत ओढून मंचावर आले आणि वाजवायला तो खाली ओढला. बरोबरचे तिघं असे बघत होते की या तिघांकडून आता सुरांची अपेक्षा नको, हे हेडक्लार्कांना कळलं. समोर तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. मांडीवर बॅग.

ती बॅग त्यांनी बघितली, आणि ते धून विसरले, नाव विसरले, कंसही विसरले. ओठ लावले आणि फुंकलं.

आतल्या चौथ्या दाढीने जागा सोडली. ट्यूबाच्या तोंडातून कापूस असा उडाला की थेट छताला लागला आणि तिथून सुटा होऊन, तुकडे तुकडे होऊन, सावकाश खाली यायला लागला. सगळ्या सभागृहात बर्फ. टोप्यांवर, वह्यांवर, परीक्षकबाईंच्या मिटलेल्या पापण्यांवर. त्यांनी डोळे उघडले, आणि या वेळी चुकीसाठी नाही. आवकांना तर रडूच कोसळलं, कारण बर्फ पडला तो 'हिमकण'च्या पाळीत नाही. पण रडता रडता ते वाजवत राहिले, आणि चौघंही जन्मात पहिल्यांदा एकदम सुरू होऊन एकदम थांबले.

निकाल तुम्हाला माहीत आहेच. शेवटचा नंबर हिमकण. म्हणजे अर्धी धून टाकून खिडकीतून पळालेल्यांच्याही खाली. चौथं अग्निशामक दल. तिसरी गर्जना, दुसरा तिसरा मजला, आणि पहिलं ते मोठं नाव, कंसासकट. नगराध्यक्षांनी मखमलीच्या उशीवर ठेवून किल्ली दिली आणि वाकून ट्यूबाला नमस्कार केला. खिडकीतल्या कारकुनाने नियम बारा लिहून हेडक्लार्कांकडून तपासून घेतला. चौघांनी ट्यूबा खांद्यावर घेऊन मिरवत वाचनालयात नेला. तो आजही तिथेच आहे, तळघरात, लाल गालिच्यावर, आणि दर आठवड्याला वाचनालयाची माणसं तो मऊ फडक्याने पुसतात. आणि हेडक्लार्कांची बायको, काय सांगू तुम्हाला, घरी आल्यावर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "घर कसं ओकंबोकं वाटतंय हो. एकदा तरी त्याला घरी आणून वाजवा ना—"

"अहो!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "तळघरात आहे ना तो? मग गेली नऊ वर्षं मी कांदे कशात ठेवतेय?"